दोनशेचे बीम

आयुष्यभर मी मालात खोट काढायचं काम केलं. पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. समोर सुट्या भागांचा ढीग, हातात बारीक मापाचा व्हर्निअर आणि तोंडात एकच शब्द, "परत". निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. हॉटेलात इडली आली की मी आधी तिची जाडी बघतो आणि मग चव, असं आमची ही सगळ्यांना सांगायची. सांगताना हसायचीही.

आमचं घर वारज्यात, उतारावर. त्यामुळे गॅरेज खाली रस्त्याच्या पातळीला आणि घराची पुढची खोली जवळजवळ त्याच्या छपराच्या उंचीवर. गॅरेजवर सिमेंटचे पत्रे होते. पुढच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की हे पत्रेच दिसायचे. त्यांच्यावर वाळका पाला, कुणाच्या तरी पोराचा हरवलेला चेंडू आणि दोन मांजरं. आम्ही ती खिडकी फारशी उघडत नसू.

मग दीड वर्षापूर्वी हिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं गेलं होतं ते महिन्याभरात परत आलं, पण सावकाश, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखं. तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला. घरातून रस्त्यावर यायला चौदा पायऱ्या, म्हणजे चाकांची खुर्ची असून नसल्यासारखी. दवाखान्यात न्यायचं झालं तर चौघांनी उचलायचं. उरलेला सगळा वेळ ती, खिडकी आणि ते पत्रे.

डॉक्टर म्हणाले, "यांना रोज उन्हात बसवा, माणसांत बसवा." उन्हाचं मी मनावर घेतलं. माणसांचं नाही.

माणसांचा बंदोबस्त मी आधीच केला होता. फाटकावर स्वतःच्या हाताने रंगवून पाटी लावली होती: "घरात रुग्ण आहे. बेल वाजवू नये. चौकशी फोनवर करावी. फोन उचलला न गेल्यास समजून घ्यावे." पुण्यात अशी पाटी कुणाला खटकत नाही, लोक वाचतात आणि मुकाट्याने जातात. मी सगळ्यांना सांगायचो, हिला दगदग नको म्हणून. खरं कारण वेगळं होतं. "आता कशा आहेत हो?" असं दारात कुणी विचारलं की माझाच आवाज फुटायचा, आणि माझा आवाज फुटलेला कुणी ऐकावा हे मला नको होतं.

तेव्हा गॅरेजचे पत्रे उतरवायचे, तिथे सपाट छत घालायचं, ते खोलीच्या फरशीशी अगदी समपातळीत आणायचं आणि खिडकीचं दार करायचं. म्हणजे खुर्ची सरळ ढकलली की ही उन्हात. एवढाच बेत होता, आणि तो मला इतका आवडला की मी हिला न विचारताच कामाला लागलो.

कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. विश्रांतवाडीहून स्कूटरवरून आली. मी तिला गॅरेजची मापं कागदावर लिहून दिली. आतला गाळा, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत, बारा फूट, लांबी वीस फूट, भिंतींची जाडी, खोलीच्या फरशीची उंची, सगळं सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत. तिने स्वतःचा टेप काढून पुन्हा मोजलं. मला राग आला आणि ती मुलगी आवडलीही.

"काका, बीम बारा फुटी गाळ्यावर आडवे टाकू. दोन्हीकडे भिंतीवर नऊ-नऊ इंच टेकतील, म्हणजे लांबी साडेतेरा. असे पाच. वर डेक शीटचा नालीदार पत्रा आणि काँक्रीट." मग माझ्या टेबलावरची प्लास्टिकची फूटपट्टी तिने दोन पुस्तकांवर आडवी ठेवली आणि मध्ये बोट दाबलं. पट्टी वाकली. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबली, हलली नाही. "लोखंड किती घालतो यापेक्षा ते किती उंच उभं राहतं ते महत्त्वाचं. आता ही उंची ठरवायची तर मला लोड सांगा. स्लॅबचं वजन मी काढते. वर माणसं किती येणार?"

"एक खुर्ची आणि एक मी."

"बस? पाहुणे वगैरे?"

"आमच्याकडे पाहुणे येत नाहीत."

हे सांगताना मला थोडा अभिमानच वाटला होता, कबूल करतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि चार दिवसांनी नकाशा पाठवला. बीम दीडशेचे. म्हणजे दीडशे मिलिमीटर उंचीचे, ज्यांना आपले मिस्त्री लोक सहा इंची म्हणतात. खाली एक टीप: "गच्ची फक्त घरगुती वापरासाठी. जमाव, समारंभ वर्ज्य." मला ती टीप फार पसंत पडली.

लोखंडाचं काम करणारे मिस्त्री येरवड्याचे. आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडील ग्रिल करायचे, हे शेड आणि बीम करतात. माझ्याच वयाचे, दाढी मेंदीने रंगवलेली. कागदावरचं माप ते मानत नाहीत. स्वतःची गाठी मारलेली सुतळी आणतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणतात, आणि तीच सुतळी दुकानात नेऊन तिच्यावर लोखंड कापून आणतात. मी म्हटलं, "अहो, सुतळी ताणली जाते. फरक पडेल."

"साहेब, टेप माझ्याकडं पण आहे. पण टेपवरचा आकडा मी विसरतो. सुतळी विसरत नाही."

बीम आले तेव्हा मी व्हर्निअर आणि टेप घेऊनच उभा होतो. पाचही बीम बरोबर साडेतेरा फूट. मला एकही बीम परत पाठवता आला नाही. दरम्यान गवंड्याने दोन्ही भिंतींवर बीम टेकायला काँक्रीटचे दहा ठोकळे ओतले. त्यांची उंची मी नेमून दिली होती. वरून उलटं मोजत आलो होतो. खोलीची फरशी, त्याखाली स्लॅब, त्याखाली सहा इंची बीम, त्याखाली ठोकळा. एका सुताचाही फरक नाही. त्या आठवड्यात मी स्वतःवर फार खूश होतो.

त्या खुशीतच मी दुसरी पाटी रंगवली. लाकडी फळी घेतली, पांढरा रंग, वर काळी अक्षरं: "एका वेळी चौघांनीच गच्चीवर जावे." इंजिनीअर मुलगी ठोकळे तपासायला आली होती, तिचा आणि मिस्त्रींचा चहा हिच्या खोलीतच चालला होता, आणि मी कौतुकाने ती पाटी हिला दाखवायला आत घेऊन गेलो.

हिने ती वाचली. परत वाचली. मग विचारलं, "अहो... मग भोंडला... कुठे करायचा?"

मला आधी कळलंच नाही. आमच्या गल्लीचा भोंडला वर्षानुवर्षं हिचा. नवरात्रात एक दिवस आमच्या वरच्या गच्चीवर पाटावर हत्ती काढायचा, बायका-पोरींनी भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. डब्यात काय आहे ते कुणालाच ओळखता येऊ नये म्हणून ही आठवडाभर आधीपासून गुप्तता पाळायची. मलासुद्धा सांगायची नाही. गेल्या नवरात्रात अर्थातच काही झालं नव्हतं. तो विषय संपला असंच मी धरून चाललो होतो.

"भोंडला कसला आता?" मी म्हणालो. "कोण येणार आहे?"

तिने उजवा हात वर केला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या दोन सुना. पिठाच्या गिरणीवाल्या. समोरच्या इमारतीतल्या सहाजणी. त्यातल्या एकीला बाळ झालंय, ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांची आई, वळणावरच्या घरातल्या तिघी. ती सावकाश बोलत होती, पण अडत नव्हती. एकदाही अडली नाही. दीड वर्षात तिच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी ऐकले नव्हते. मुलींना धरून आकडा छत्तिसावर गेला.

"दीड वर्षात यातली एक तरी आली का?" मी चिडून विचारलं. चिडलो, कारण मला उत्तर माहीत होतं.

"आल्या असतील," ती म्हणाली. "फाटकापर्यंत."

मिस्त्री कपात बघत राहिले. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी बारा फुटांचा गाळा सुतापर्यंत मोजला होता, आणि ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिला एक प्रश्न विचारला नव्हता. ती माणसांची वाट बघत होती, मी माणसं परत पाठवत होतो. घरी बसूनही मी तपासणी खात्यातच होतो.

इंजिनीअर मुलीने वही उघडली. "काकू, सगळ्या एकाच वेळी फेर धरणार? की थोड्या बसतील?"

"फेर," ही म्हणाली.

"मग हे बीम नाही चालणार. पडणार नाहीत काका, घाबरू नका. पण वाकतील, आणि उड्या मारल्यासारखे हलतील. उभी माणसं वेगळी आणि ताल धरून फिरणारी वेगळी. मला दोनशेचे लागतील."

दोनशेचे, म्हणजे आठ इंची. दोन इंच जास्त उंच. हे ऐकायला सोपं आहे. पण छत दोन इंच वर चढवलं तर दारात दोन इंचांची पायरी, आणि खुर्ची तिथेच अडकली. छत जागेवर ठेवायचं तर ठोकळे दोन इंच खाली. म्हणजे मी नेमून दिलेल्या उंचीचे, माझ्या देखरेखीखाली ओतलेले, दगडासारखे घट्ट झालेले दहाही ठोकळे फोडायचे. शिवाय पाच बीम कापून झालेले. कापलेलं लोखंड दुकानदार परत घेत नाही.

"लोखंडाचं काय, लोखंड मिळतं," मिस्त्री उठता उठता म्हणाले. "पण साहेब, आधी भाभींना विचारायचं होतं."

"विचारायचं होतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ठोकळे फोडायला दोन दिवस लागले. तो छिन्नी-हातोड्याचा आवाज मी अंगणात बसून शेवटपर्यंत ऐकला, उठून गेलो नाही. श्रावणातली उघडीप बघून नवे ठोकळे ओतले. या वेळी उंची मी एकट्याने ठरवली नाही. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक खोलीच्या खिडकीत धरलं आणि दुसरं भिंतीवर फिरवत नेलं. खिडकीतलं टोक हिच्या उजव्या हातात होतं. पाणी खुणेवर आलं की ही "हं" म्हणायची, आणि तिकडे मिस्त्री खडूने रेघ मारायचे. दहा ठोकळे, दहा वेळा "हं".

नवे बीम आले, तांबड्या रंगाचा हात मारून वाळवले. मिस्त्रींनी प्रत्येक बीमच्या टोकाशी बसून, एक डोळा मिटून, तो आरपार पाहिला. लोखंड कारखान्यातून अगदी सरळ येत नाही, त्याला केसभर बाक असतो. तो फुगीर भाग वरच यायला हवा, म्हणजे ओझं आल्यावर बीम सरळ होतो. उलटा बसला तर पहिल्या दिवसापासून पोट लोंबतं. वर येणाऱ्या बाजूला ते खडूने फुली करत होते.

पहिला बीम चढवायच्या आधी ते मला म्हणाले, "नारळ आणलाय ना?" मी आणला नव्हता. असल्या गोष्टी मी करत नाही. त्यांनी पिशवीतून स्वतःचा काढला. "तुमच्याकडं करतात, म्हणून मी ठेवतोच जवळ." नारळ त्यांनी माझ्या हाती दिला, मी फोडला, आणि बीमच्या टोकाला हळदकुंकू हिने लावलं. त्यासाठी ते टोक चौघांनी उचलून तिच्या खिडकीपर्यंत आणलं होतं. शंभर किलोचा बीम!

साखळीच्या कप्पीवर एकेक बीम वर चढत गेला. पहिला बसला, दुसरा बसला. तिसरा ठोकळ्यांवर टेकला आणि खोलीतून घंटा वाजली. मी हिच्या उशाशी पितळेची लहान घंटा ठेवली होती, काही लागलं तर वाजवायला. दीड वर्षात तिने ती पाण्यासाठीसुद्धा क्वचित वाजवली होती. मी धावत गेलो.

"तिसऱ्याची फुली... खाली आहे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. फुली खाली होती. मी तिथेच हातभर अंतरावर उभा होतो, चष्मा लावून, आणि मला दिसलं नव्हतं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, बीम पुन्हा उचलून फिरवला. त्यानंतर प्रत्येक वेळी काही पक्कं करण्याआधी ते खिडकीकडे वळून विचारायचे, "भाभी, ठीक?" मला कुणी विचारत नव्हतं. मी वेल्डिंगच्या काड्या उचलून देत होतो, आणि खरं सांगतो, मजेत होतो.

राहिले ते पाच वाया गेलेले बीम. ते फाटकाशी आडवे पडलेले, येता-जाता मला टोचायचे. एक दिवस मिस्त्री त्यांच्यावर सुतळी ताणून उभे दिसले. "साहेब, रस्त्यापासून गच्चीपर्यंत तिरकस माप घेतलं. साडेतेरात बसतंय. दोन बीमचा जिना होतो. बायका थेट रस्त्यावरून वर येतील, घरातून कशाला?" उरलेल्या तीन बीममधून वरच्या टोकाचा चौथरा आणि आधाराचे खांब झाले. इंजिनीअर मुलीने येऊन तपासलं, एके ठिकाणी आणखी एक पट्टी मारायला लावली. जिन्याचा पाय फाटकाला लागूनच आला. पाटी आडवी येत होती. मी ती काढली. जिन्यासाठी काढावी लागली असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

डेक शीट पडलं, जाळी बांधली, काँक्रीट झालं. वर मातीचे बांध घालून मी एकवीस दिवस पाणी साठवून ठेवलं. गणपती आले आणि गेले. खिडकीचं दार झालं. भाद्रपदाच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी खुर्ची ढकलली आणि चाकं खोलीतून बाहेर गेली. उंबरठ्याचा धक्कासुद्धा जाणवला नाही. ही उन्हात डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "भाजणीच्या चकल्या चालतील का, खिरापतीला?" मग लगेच म्हणाली, "नको. तुम्हाला सांगितलं... म्हणजे संपलं."

भोंडल्याच्या दिवशी आमंत्रण द्यायला मीच गल्लीत फिरलो. दारोदार. माझी पाटी वाचून परत गेलेल्या बायकांच्या दारात उभं राहून बेल वाजवणं सोपं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, "आता कशा आहेत हो?" आवाज फुटला. त्यांनी पाणी दिलं, मी प्यायलो, पुढच्या दारात गेलो.

पाचची वेळ दिली होती. पाचला कुणी नव्हतं. सव्वापाचला मी गॅरेजमध्ये उतरलो. सांगून गेलो की बीम बघतो. मधल्या बीमखाली मी सकाळीच एका भिंतीपासून दुसरीपर्यंत दोरा ताणून बांधला होता. बीम आणि दोरा यांत बरोबर दोन सुतांची फट. बीम वाकला तर फट कमी होणार. खरं म्हणजे मला वर थांबवत नव्हतं. नटून बसलेल्या हिच्याकडे आणि रिकाम्या जिन्याकडे मला एकाच वेळी बघता येत नव्हतं.

मग लोखंडी जिना वाजला. एक पाऊल, मग दोन, मग पावलंच पावलं, पैंजण, "अगं हळू", कुणाचं तरी रडणारं बाळ. मी मोजत होतो, पंचविसापर्यंत मोजलं आणि पुढचं चुकलो. वर हसण्याचा गलका झाला. पाट सरकवल्यासारखा आवाज आला. गाणं सुरू झालं आणि त्याबरोबर फेर.

मी दोऱ्याकडे बघत होतो. छतभर पावलं पडत होती, सगळी एका तालात. फट दोन सूत. फट दोन सूतच. मी हात वर करून बीमला लावला. लोखंडातून पावलांचा ठेका हाताला कळत होता. आणि त्या ठेक्यात दुसरं काहीतरी होतं, न तुटणारं, सारखं, एका भिंतीकडून दुसरीकडे जाणारं आणि वळून परत येणारं. ते पुन्हा माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा मला उमगलं. ती चाकं होती. मी समजून चाललो होतो की हिला मध्ये बसवतील. पण हिला मध्ये बसवलं नव्हतं. कुणीतरी खुर्ची धरली होती आणि ही फेरात फिरत होती.

मी बीम धरून रडलो. दोरा तसाच ताणलेला होता.

"अहो," वरून हाक आली. सावकाश, पण खणखणीत. "वर या. सगळ्यांनी खिरापत ओळखून पाहिली. कुणालाच... येत नाही."

डोळे पुसून मी जिना चढलो. छत्तीस तरी असतील, जास्तच. मध्ये हत्ती होता, पाटावर नव्हे, एका फळीवर खडूने काढलेला, सोंड थोडी वाकडी, एका हाताने काढलेली. फळी मी ओळखली. मी रंगवलेली अक्षरं खालच्या बाजूला होती.

"चकली," मी म्हणालो.

"परत," ही म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.